व्हॉल्व्हवरचा बर्फ

नव्या यंत्राच्या व्हॉल्व्हच्या तोंडाशी बर्फाचा पातळ थर जमला होता आणि टिपणीसबाईंचा उघडा अंगठा त्यावर निवांत टेकलेला होता.

“बाई, हात काढा.” प्रयोगशाळेत हाताखाली काम करणाऱ्या मृण्मयीने त्यांचं मनगट धरून मागे ओढलं. “डॉक्टर काय म्हणाले?”

“स्वयंपाक नवऱ्याकडे द्या म्हणाले. कधीच दिलाय. आमटी बरी करतो.”

मृण्मयी हसली नाही.

बाईंनी उभी हयात रसायनं हेक्झेन या द्रावकाने शुद्ध केली होती आणि त्या वाफांनी त्यांच्या बोटांतली जाणीव हळूहळू नेली होती. प्रयोगशाळेतल्या पोरींवर ती वेळ येऊ नये म्हणून त्यांनी वरिष्ठांशी भांडून हे यंत्र आणवलं. यात प्रचंड दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड रसायनातली अशुद्धी ओढून घेतो आणि दाब उतरला की व्हॉल्व्ह गोठवत वायू होऊन निघून जातो. हेक्झेन लागतच नाही. फक्त व्हॉल्व्ह बोटांच्या अंदाजाने, केसभरच उघडावा लागतो. निवृत्तीचं कोणी विचारलं की बाई म्हणत, “यंत्र येऊ दे, ते चालवते आणि मग बघू.”

त्यांनी पुन्हा व्हॉल्व्हला हात घातला. आपण किती फिरवला ते त्यांना दाबाच्या काट्याकडे पाहूनच कळलं. तो एकदम खाली आला होता आणि नळीतून रसायनाची पांढरी भुकटी टेबलभर उडाली होती.

मृण्मयी फडकं घेऊन आली. “असू दे बाई, यंत्र नवीन आहे. पुन्हा लावू.”

बाईंनी नकारार्थी मान हलवली.

“यंत्र चांगलं आहे गं. आता ते तू चालव. मी उद्यापासून येत नाही.”