आजोबांची नजर
कोणाला पटणार नाही, पण आजोबांना म्हणे माणसाच्या कातडीचा रंग दिसतच नसे. बाहेरून आलेली नात एवढंच म्हणाली होती, "आजोबा, माझा होणारा नवरा पहिल्यांदाच घरी येतोय. तो आपल्या रंगाचा नाही, जरा जपून बोला हं."
झालं! आजोबांच्या अंगाचा तिळपापड. "मला शिकवतेस? अगं, डोळ्यांचे डॉक्टर चक्रावले होते! म्हणाले, सिग्नलचा लाल दिसतो, पानांचा हिरवा दिसतो, माणसं मात्र तुम्हाला सगळी एकाच रंगाची! असा पेशंट जगात दुसरा नाही."
हसत हसत नात पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली. सिंकखालून बाहेर आलेल्या पायांतले ओळखीचे बूट पाहून तशीच मागे वळली.
"मग आजोबा, तो दारात आल्या आल्या त्याला प्लंबर समजून हातात पाना देऊन गळका नळ कसा दाखवलात?"