कमानीला वळसा

"लेकी आत, बाप बाहेर!" स्टेशनच्या दाराशी हमाल ओरडायचा, ते गुणवंतरावांना अजून ऐकू येतं. फलाटाचं तिकीट काढणं बापांना परवडायचं नाही. सासरी निघालेल्या लेकीला ते दारातूनच निरोप द्यायचे.

पुढं ती छोटी रेल्वे बंद पडली. रूळ गेले, भिंतींच्या विटा लोकांनी चुलीला नेल्या. उरली ती प्रवेशाची कमान, तुरीच्या वावरात एकटीच उभी. तरी गावची लेक निघते ती तिच्यातूनच, आणि बाप थांबतो अलीकडे.

आज गुणवंतरावांची लेक शालू निघाली, तर नवरदेवाचे मामा वैतागले. "अहो, भिंतच नाही त दार कशाले? बाजूनं चाला ना!"

"दार हाय ना? मंग पोरगी दारातूनच जाईन!" गुणवंतराव गुरकावले. हळदीपासून त्यांचं हेच चाललं होतं. कधी मंडपवाल्यावर, कधी बुंदीवर. लेकीशी मात्र मायेचा एक शब्द नाही.

शालू कमानीतून पलीकडे गेली आणि वळून थांबली. बाप आता तरी काही बोलेल म्हणून.

"पोचली की फोन करजो."

तिनं मान हलवली. ती नवरदेवाच्या गाडीत बसली, दार लागलं. तेवढ्यात एक बकरी तुरीचे शेंडे खात, कमानीला वळसा घालून, खुशाल पलीकडे गेली.

गुणवंतराव बघतच राहिले. मग फेटा सावरत, तुरीत अडकलेलं धोतर सोडवत, तेही बकरीच्याच वाटेनं धावले. गाडीच्या काचेवर त्यांनी थाप मारली.

"शालू," ते धापा टाकत म्हणाले, "तुह्याबिगर मले करमणार नाही वं."