कोल्ड स्टोरेजची नोकरी

वेस्ली मेलबर्नच्या एका आइस हॉकी क्लबचा पहिला पगारी खेळाडू. पण पोरगा बर्फावर खेळून पोट भरतो हे सांगायची त्याच्या डॅडींना लाज वाटायची. वसईहून फोन आला की ते वेस्लीच्या देखतच सांगायचे, "तो कोल्ड स्टोरेजमध्ये आहे, चांगलं चाललंय."

लॉकडाऊनमध्ये बर्फाची रिंक बंद पडली, क्लबने पगार थांबवला. वेस्ली खरोखरच मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये खोके उचलायला लागला.

रविवारी चर्चची ऑनलाइन मिस्सा संपली आणि वसईच्या आत्याचा व्हिडिओ कॉल आला. वेस्ली शिफ्टवरून नुकताच आला होता, जाड जॅकेट अजून अंगातच होतं.

"काय रे, अजून तीच नोकरी?"

डॅडी घाईने म्हणाले, "मेरिल, अगं तो खरं म्हणजे..."

"तीच, आत्या," वेस्ली म्हणाला. "डॅडींनीच लावून दिली ना."