पहिल्या कपाटातली वीट

"साचेकाकांना घाईचं काम सांगू नकोस," असं नाणीमावशींनी तिला आधीच बजावलं होतं. नाणीमावशी म्हणजे संग्रहालयातल्या नाणे विभागाच्या प्रमुख. वस्तूंच्या नकला करणाऱ्या साचेकाकांच्या शेजारच्या खोलीत त्यांची वीस वर्षं गेली होती. तिने ते हसण्यावारी नेलं. ज्या माणसाने आजवर कुणाचं काम एक दिवसही अडवलं नाही, त्याला घाई सांगायची कसली भीती?

शिवाय इलाज नव्हता. गुरुवारी निवाडा करायला समिती येणार होती, आणि सोमवार उजाडला होता.

भांडण नव्या दालनातल्या पहिल्या कपाटावरून होतं. या प्रदेशाचा इतिहास जिथून सुरू होतो, ती वस्तू त्यात बसणार होती. ताम्रपटसरांना तिथे अर्थातच त्यांचा ताम्रपट हवा होता. राजाचं नाव, दान दिलेलं गाव, साल, सगळं कसं तांब्यावर कोरलेलं. तिला हवी होती एक वीट. ताम्रपटाहून तीनशे वर्षं जुनी, एक कोपरा उडालेली, आणि मधोमध इवलंसं पाऊल. वीट ओली असताना कुणाचं तरी पोर तिच्यावरून दुडूदुडू गेलं होतं. पोर तिथे, म्हणजे त्याची आईही तिथेच राबत असणार. राजा दान द्यायला उगवायच्या कितीतरी आधी इथे बायका विटा पाडत होत्या, असं तिचं म्हणणं.

तिच्या उत्खननात वीट सापडली तेव्हा तिची लेक चिमणी पोटात होती. आता चिमणी दोन वर्षांची झाली, तरी आईचं म्हणणं कुणी मनावर घेत नव्हतं.

"अहो, इतिहासाचं साधन कसं बोलणारं हवं," ताम्रपटसर म्हणायचे. "तुमच्या विटेवरचं पाऊल माकडाचंही असेल."

ते माकड तिच्या जिव्हारी लागलं होतं.

संग्रहालयाचा नियम असा, की मूळ वस्तू कुणाच्या हातात द्यायची नाही. हाताळायला नक्कल ठेवायची. ती करायची साचेकाकांनी. वस्तूवर रबराचा लेप चढवायचा, तो वाळला की अलगद सोलून काढायचा, त्या साच्यात प्लास्टर ओतायचं, मग रंग. तीन दिवसांचं काम. काकांनी मान डोलावली आणि वीट घेतली.

त्याच आठवड्यात पाळणाघरात कांजिण्यांची साथ आली, म्हणून चिमणीला कामावर आणावं लागलं. साचेकाका म्हणाले, बसू दे माझ्याकडे. तिने आधी वर्कशॉपची झडती घेतली. पटाशी वरच्या फळीवर ठेवायला लावली, प्लगांवर चिकटपट्टी मारली, प्लास्टर पोटात गेलं तर काय होतं ते दोनदा विचारलं. काकांनी दोन्ही वेळा शांतपणे सांगितलं. वर, माझी तिन्ही पोरं याच धुळीत वाढली, असा दिलासाही दिला. तरी ती दर वीस मिनिटांनी खिडकीतून डोकावायचीच.

फक्त बुधवारी दुपारी संचालकांच्या बैठकीत दोन तास अडकली. धावत परत आली, तर चिमणी हातपाय धुऊन, भांग पाडून स्टुलावर बसलेली. इतकी स्वच्छ ती घरीसुद्धा नसायची. तिला भरून आलं. आपण उगाच जिवाला घोर लावून घेतो, असं वाटून गेलं.

गुरुवारी नक्कल बुटक्या चौरंगावर मांडली, तेव्हा ही मूळ वीटच की काय, म्हणून ती स्वतःच चकली. खालचा क्रमांक पाहिला तेव्हा कुठे खात्री पटली.

समितीत तिघं होते. ताम्रपटसर चाळीस मिनिटं बोलले. मग तिची पाळी आली. तिने लांबी-रुंदीचे आकडे वाचून दाखवले, भट्टीची राख कुठे सापडली ते सांगितलं. अध्यक्षबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि सौम्यपणे विचारलं, की हे मुलाचंच पाऊल, हे आमच्यासारख्यांनी कसं ओळखायचं?

तिने हातातले कागद चाळले. आकडे संपले होते.

दारात काकांच्या कडेवर बसलेली चिमणी खाली घसरली, सगळ्यांच्या पायांतून वाट काढत चौरंगापाशी आली आणि म्हणाली, "माझा पाय."

खोलीत हशा पिकला. आई सावरायच्या आत तिने उजवा पाय त्या पावलात ठेवला. चपखल बसला. टाचेपासून अंगठ्यापर्यंत तसूभर फरक नाही. करंगळी किंचित आत वळलेली, तीसुद्धा.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पुसला. दोन हजार वर्षं झाली, पण पोरं तीच, असं काहीसं त्या पुटपुटल्या. ताम्रपटसरांनी वाकून पाऊल न्याहाळलं.

"माकड मी परत घेतो," ते म्हणाले.

एकमताने ठरलं. पहिलं कपाट विटेचं. दालन उघडताना मूळ वीट सगळ्यांदेखत मांडायची, आणि तिच्यावरचं कापडही चिमणीनेच सारायचं.

काका चिमणीला घेऊन गेले आणि चहा आला. अध्यक्षबाई तिचा हात हातात धरून आपल्या नातीचं कौतुक सांगू लागल्या. एवढ्यात काका पुन्हा आत आले, कप उचलला आणि तिच्या कानाशी लागले.

"बसणारच की हो पाय. काल सोलताना साचा नेमका पावलापाशी फाटला. दुसरा करायला वेळ कुठे होता? दिली चिमणीला उभी करून ओल्या प्लास्टरमध्ये."

अध्यक्षबाईंकडे बघून हसत हसतच तिने विचारलं, "आणि खरी वीट?"

"वर्कशॉपमध्ये आहे. चिमणीजवळ."

"चिमणीजवळ कोण आहे?"

काकांनी कपात पाहिलं. "मी चहापुरताच आलो. रडत होती, म्हणून लाकडी हातोडी दिलीय तिच्या हातात."

नातीची गोष्ट आता कुठे बारशापर्यंत आली आहे, आणि बाई हात सोडायला तयार नाहीत. तुम्ही दाराजवळच आहात. जिना उतरून डावीकडे तिसरी खोली; जरा चिमणीला बघून येता का?