एक बूट इकडे, एक तिकडे

नाताळच्या सकाळी चर्चमध्ये मिस्साला निघायची वेळ झाली, तरी जोव्हिटाच्या पायात एकच पांढरा बूट होता.

"दुसरा कुठाय?" मम्मीने विचारलं.

"डॅडींकडे. खिडकीत, पडद्यामागे."

हॉलंडमधली मुलं डिसेंबरात रात्री बूट मांडून ठेवतात आणि संत निकोलस त्यात खाऊ टाकून जातो, असं बाईंनी वर्गात सांगितलं होतं. तेव्हापासून जोव्हिटाला एकच उत्सुकता लागली होती. दोन घरांत राहणारी मुलगी एकच आहे, हे त्या संताला कळत असेल का? म्हणून शनिवारी डॅडींकडून येताना तिने डावा बूट तिथेच ठेवला होता. इथल्या उजव्या बुटात आज चॉकलेट निघालं होतं.

मम्मीने फोन हातात घेतला. घटस्फोटानंतर ती आणि डॅडी वकिलांमार्फतच बोलत. शेवटी तिने नंबर लावला. "तिचा बूट घेऊन चर्चपाशी ये," एवढंच म्हणाली.

डॅडी धापा टाकत आले. बूट रिकामाच होता. "मला कुणी सांगितलंच नाही गं," ते ओशाळून म्हणाले आणि पायरीवर बसून तिच्या पायात बूट चढवू लागले. तो काही जाईना, तशी मम्मीही शेजारी टेकली.

"अरे, तसा नाही. ती बोटं मुडपते. आधी टाच धर."

दोन डोकी तिच्या एका पायावर वाकली होती. अमेरिकेतली मुलं नाताळात खाऊसाठी मोजे टांगतात, हे जोव्हिटाला आठवलं. पुढच्या वर्षी मोजे, असं ठरवून तिने बोटं आणखी घट्ट मुडपली.