डावा फाटा

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी गाडी तळावरून निघाली. मार्नी गाडीत नव्हती.

ती तेरा वर्षांची होती आणि दहा मिनिटं उशिरा उठली होती. पावणेदोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेत पश्चिमेकडे निघालेले बैलगाड्यांचे तांडे सातला हलायचे. मागे राहील त्याने चालत गाठायचं. त्यांच्याच वाटेने चाललेल्या या सहलीत हाच नियम वेंडेलने घातला होता, आणि आठ दिवसांत त्याचा फटका फक्त मार्नीला बसला होता. वेंडेल तिचा सावत्र बाप. सोळा वर्षांची शेल्बी त्याची स्वतःची मुलगी.

"महाराणींना पालखी पाठवायची का?" खिडकीतून मागे बघत शेल्बी म्हणाली.

मार्नीची आई लोरेन पुढच्या सीटवर होती. आदल्या संध्याकाळी शेकोटीपाशी वेंडेलने मार्नीला सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "या सहलीत तू तक्रार न करता निभावलंस तर आमच्याबरोबर राहशील. नाहीतर शाळा सुरू होताना ओमाहाला, आजीकडे. तुझ्या आईचं आणि माझं ठरलंय." मार्नीने आईकडे पाहिलं होतं. लोरेन तेव्हा ताटं गोळा करत होती.

निघण्याआधी वेंडेलने मार्नीच्या हातात पाण्याची एक बाटली दिली होती. "चार मैल. जुन्या गाड्यांच्या चाकोऱ्या दिसतायत ना? त्या सोडायच्या नाहीत. दर थोड्या अंतरावर पांढरा खुंट आहे. खुंटामागून खुंट. आंधळासुद्धा पोचेल."

"बरं," मार्नी म्हणाली होती. आज तिने तोंड वाकडं केलं नाही. लोरेनच्या ते लक्षात आलं होतं.

ठरल्या जागी पोचून वेंडेलने बेकन तळायला घेतलं. नऊ वाजता पोरगी यायला हवी होती. साडेनऊ झाले. माळावर सावली देणारं एकही झाड नव्हतं, आणि वाऱ्याने स्टोव्ह दोनदा विझला.

"मी गाडी घेऊन मागे जाऊन येते," लोरेन म्हणाली.

"आणि काय सांगशील तिला? रुसून बसलं की आई धावत येते?" वेंडेलने बेकन उलटवलं. "लोरेन, तुझ्या या लाडांपायीच इथवर आलंय सगळं. बस खाली."

ती बसली. तिने बेकनचे दोन तुकडे खाल्लेसुद्धा.

सव्वाअकराला ती न विचारता उठली आणि चाकोरीवरून उलटी चालू लागली. थोड्या वेळाने वेंडेल तिच्यामागे आला. पावणेदोन मैलांवर चाकोरी दुभंगत होती. मार्नी येणार होती त्या बाजूने बघितलं तर एक फाटा उजवीकडे, हे दोघं आत्ता चालत आले तोच. दुसरा डावीकडे, नैऋत्येला. दोन्हींवर पांढरे खुंट होते. डावीकडचे नवे होते आणि लांबून जास्त ठळक दिसत होते.

लोरेनने त्या खुंटांकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. "हे तुला माहीत होतं?"

"अर्थातच माहीत होतं. हा जवळचा रस्ता. सात दिवस वाचायचे. इथे तांडे भांडून वेगळे व्हायचे, भाऊ भावाला सोडून जायचा." तो सवयीने बोलत गेला. "पुढे पन्नास मैल पाणी नाही. कितीतरी बैल..."

तो थांबला. त्याने डाव्या फाट्याकडे तोंड करून पोरीच्या नावाने हाक मारली. वारा समोरून येत होता.

सगळ्यांचे फोन नियमाप्रमाणे गाडीतल्या पत्र्याच्या डब्यात कुलूप लावून ठेवले होते. तिथवर परत जाऊन, रेंज लागेपर्यंत गाडी हाकून, मदत मागेपर्यंत एक वाजून गेला. शेरीफच्या पोलीस ठाण्याचा माणूस पावणेतीनला आला. पन्नाशीचा, सावकाश लिहिणारा.

"चालत का पाठवली?" त्याने विचारलं.

"सवय व्हावी म्हणून," वेंडेल म्हणाला. "हे बघा साहेब, तिच्या वयाच्या मुली त्या काळी दोन हजार मैल चालल्यात. अनवाणी."

"सगळ्या पोचल्या का?"

शेरीफच्या माणसाने त्याच्याकडे न बघता पुढची ओळ लिहिली. मग लोरेनला विचारलं, "बाई, अंगात कपडे काय होते?"

लोरेनला सांगता येईना. "जांभळा टी-शर्ट," मागून शेल्बी म्हणाली. ती रडत होती. "माझाच. मी तिला घालू नको म्हटलं होतं."

साडेतीनला घोड्यांवरून माणसं निघाली. पाचला विमान आलं, दोन घिरट्या घालून वाऱ्यामुळे परत गेलं. डाव्या फाट्यावर नवव्या खुंटापाशी लहान बुटांचे ठसे सापडले. पुढे जमीन कडक होती.

सहा वाजून वीस मिनिटांनी शेरीफच्या माणसाचा वायरलेस वाजला. तो दोन पावलं बाजूला गेला, ऐकलं, पुन्हा सांगायला लावलं आणि मग लोरेनपाशी आला.

"पलीकडे एका बाईंचं गुरांचं रान आहे. त्यांनी आत्ता रेडिओवर बातमी ऐकून फोन केला. दुपारी दीडच्या सुमाराला त्यांना एक मुलगी भेटली होती. जांभळा टी-शर्ट. इथून अकरा मैलांवर."

लोरेनने त्याचा दंड धरला. "मग? घेतलं ना त्यांनी गाडीत?"

"त्यांनी दार उघडलं होतं, बाई. ती बसली नाही. उन्हाळ्यात शाळांच्या टोळ्या येतात, असंच जुनं जुनं खेळत चालतात, त्यातलीच असेल असं त्यांना वाटलं. प्यायला पाणी दिलं त्यांनी." त्याने वहीत बघून वाचलं. "म्हणाली, 'नको काकू, गाडीत बसले तर चाललेलं धरणार नाहीत.' आणि विचारलं, चार मैल अजून झाले नाहीत का."