घडी मोडायचा मान

"पैसे परत मिळणार नाहीत वहिनी, साडी बदलून देईन. पण घडी मोडलेली चालणार नाही," दुकानदार म्हणाला.

"नाही मोडलेली." मी हिरवी साडी त्याच्यापुढे सरकवली. "हिच्या बदल्यात जांभळी द्या. सासूबाईंनी माझ्या धाकट्या जावेला घेतली, तश्शीच."

धाकटीने थोरलीचा मान म्हणून आपली जांभळी मलाच घडी मोडायला दिली होती. तिच्याआधी मी नेसले, आरशात पाहिलं आणि तेव्हापासून माझ्या हिरव्या साडीकडे बघवत नव्हतं.

दुकानदार हसला. "त्या आज सकाळीच जांभळी परत करायला आल्या होत्या. घडी मोडलेली, म्हणून मी घेतली नाही. म्हणाल्या, जाऊबाईंना इतकी खुलून दिसली, की आता मला नेसवत नाही."

जिवाला कसं गार वाटलं! हिरवी तशीच काखोटीला मारून घरी आले आणि मोठ्या मनाने धाकटीच्या हातात ठेवली. "हिची घडी तू मोड."

ती नेसून बाहेर आली. मेलीला माझी हिरवी इतकी शोभत होती, की पोटात पुन्हा दुखायला लागलं. आणि आता दुकानदारही ती परत घेणार नव्हता.